प्रच्छन्न समूहाची घडण : युद्धोत्तर अमेरिकेतील समलिंगी समाजजीवन (१९४५–१९७०)

१. प्रश्नाचे स्वरूप

परस्परांना ओळखणाऱ्या, परस्परांशी नियमित व्यवहार ठेवणाऱ्या आणि 'आपण' अशी जाणीव बाळगणाऱ्या व्यक्तींच्या संघातास समूह म्हणावे, अशी व्याख्या समाजशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत साधारणतः दिलेली असते. ह्या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, समूहाच्या घटकांना एकमेकांची ओळख पटणे ही काही अडचणीची बाब नव्हे. जात, भाषा, धर्म, गाव किंवा व्यवसाय ह्यांवर आधारलेल्या समूहांच्या बाबतीत हे गृहीत बहुधा खरे ठरते. परंतु आपण कोण आहोत हे उघड होताच ज्यांची नोकरी, घर, अब्रू आणि प्रसंगी स्वातंत्र्यही जावे, अशा माणसांचा समूह कसा बनतो? ज्यांना एकमेकांस ओळखता येत नाही, किंबहुना ओळखले जाण्याचीच ज्यांना धास्ती वाटते, ते एकत्र तरी कसे येतात?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांतील अमेरिकन समलिंगी स्त्री-पुरुषांचे समाजजीवन हे एक उत्तम उदाहरण आहे. ह्या काळाविषयी तत्कालीन समाजशास्त्रज्ञांची निरीक्षणे उपलब्ध आहेत, न्यायालयांचे निवाडे उपलब्ध आहेत, आणि पुढील पिढीतील इतिहासकारांनी मौखिक मुलाखतींच्या साहाय्याने केलेले संशोधनही हाताशी आहे. प्रस्तुत लेखात ह्या साधनांच्या आधारे त्या समूहाच्या घडणीची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. डॉनल्ड वेब्स्टर कोरी ह्या टोपणनावाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द होमोसेक्शुअल इन अमेरिका' ह्या ग्रंथात समलिंगी लोक हे एक अल्पसंख्य समाज होत, अशी भूमिका मांडलेली आहे. ही भूमिका फलदायी ठरली. तथापि इतर अल्पसंख्यांहून ह्या अल्पसंख्यांची स्थिती एका बाबतीत मूलतः निराळी आहे. निग्रो किंवा ज्यू मुलाला (त्या काळी रूढ असलेला पहिला शब्द आज त्याज्य झाला आहे) बाहेरच्या जगाचा द्वेष कसा सोसावा, ह्याचे शिक्षण घरातूनच मिळते. कारण आईबापांनी तो द्वेष स्वतः सोसलेला असतो. समलिंगी व्यक्ती मात्र बहुसंख्यांच्याच घरात जन्म घेते. घर हे तिचे आश्रयस्थान नसून जेथे तिला प्रथम लपावे लागते ती जागा असते. सारांश, हा समूह वारशाने मिळत नाही. तो वयात आल्यावर शोधावा लागतो.

अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९६३ साली कलंकाविषयी लिहिताना ज्यांचा कलंक आधीच दिसतो ते आणि ज्यांचा कलंक अद्याप उघड व्हावयाचा आहे ते, असे दोन वर्ग कल्पिले. पहिल्या वर्गापुढे लोकांशी वागताना येणाऱ्या ताणाचा प्रश्न असतो. दुसऱ्यापुढे माहितीच्या नियंत्रणाचा. कोणाला सांगावे, कोणापासून लपवावे, कोठे जावे, कोणाबरोबर दिसू नये, हे त्याला प्रतिदिनी ठरवावे लागते. आपल्या विवेचनातील लोक बहुतांशी ह्या दुसऱ्या वर्गातले होते.

२. विरोधाची यंत्रणा

'समाजाचा विरोध' हा शब्दप्रयोग मोघम आहे. त्याची अंगे वेगळी करून पाहिली पाहिजेत, कारण समूहातील प्रत्येक संस्था त्यांपैकी कोणत्या तरी अंगाला दिलेले उत्तर असते.

पहिले अंग कायद्याचे. १९६१ सालापर्यंत अमेरिकेतील प्रत्येक घटकराज्यात समलिंगी संभोग हा गुन्हा होता. इलिनॉय राज्याने त्या वर्षी नवी दंडसंहिता संमत केली आणि १९६२ च्या आरंभापासून तेथे प्रौढांमधील खासगी व संमतीचे वर्तन गुन्हा राहिले नाही. संपूर्ण देशात ही स्थिती येण्यास २००३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उजाडावा लागला. प्रत्यक्षात ह्या कायद्याखाली शिक्षा क्वचितच होत; अटका होत त्या बेशिस्त वर्तन, भटकेगिरी अशा किरकोळ कलमांखाली. परंतु दंडाच्या रकमेहून वृत्तपत्रांत नाव, पत्ता व व्यवसाय छापून येणे हीच खरी शिक्षा असे.

दुसरे अंग नोकरीचे. १९५० साली अमेरिकन सिनेटच्या एका समितीने समलिंगी व्यक्ती सरकारी सेवेस अयोग्य आहेत, असा अहवाल दिला. २७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे केंद्रीय सेवेतून दूर करण्याचे कारण ठरविले. धमकीला बळी पडून असा नोकर गुपिते फोडील, हे समर्थन देण्यात आले. ह्या युक्तिवादातील चक्र पाहण्यासारखे आहे : नोकरी जाईल म्हणून माणूस लपवितो, आणि लपवितो म्हणून त्याची नोकरी काढून घेतली जाते. लष्कराच्या नकाशा विभागातील खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी ह्यांना १९५७ साली अशाच रीतीने बडतर्फ करण्यात आले.

तिसरे अंग वैद्यकाचे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मनोविकारांच्या सूचीत समलिंगी प्रवृत्तीचा समावेश होता. तो डिसेंबर १९७३ मध्ये वगळण्यात आला. म्हणजे आपल्या विवेचनकालात हा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार, शासनाच्या दृष्टीने धोका आणि वैद्याच्या दृष्टीने रोगी होता. ह्या तिन्हींवाचून अन्य काही तो असू शकतो, हे सांगणारी जागा त्याला स्वतःच निर्माण करावी लागली.

३. ओळख आणि भाषा

युद्धाने लक्षावधी तरुण-तरुणींना घराबाहेर काढून एकलिंगी छावण्यांत व बंदरांच्या शहरांत आणून सोडले होते. आपल्यासारखे आपणच एकटे, असे समजणाऱ्या अनेकांना तेथे प्रथमच आपल्यासारखे दुसरे भेटले. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक गावी परतले नाहीत. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क ह्या शहरांतच राहिले. मोठ्या शहरातील अनोळखीपणा हे ह्या समूहाचे पहिले भांडवल होय.

परंतु एका शहरात राहणे म्हणजे भेटणे नव्हे. ओळख पटविण्यासाठी भाषेचा उपयोग झाला. 'गे' हा शब्द त्याचा नमुना आहे. बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ आनंदी, खुशालचेंडू एवढाच कळे. जाणत्याला दुसरा अर्थ कळे. बोलणारा तो शब्द सहज टाकून ऐकणाऱ्याचा चेहरा पाही. प्रतिसाद आला तर ओळख पटली. न आला तर काहीच बिघडले नाही. धोका न पत्करता विचारलेला हा प्रश्न होता.

जॉर्ज चॉन्सी ह्यांनी १९४० पूर्वीच्या न्यूयॉर्कवरील आपल्या १९९४ च्या ग्रंथात आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. 'बाहेर येणे' ह्या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आज आपली प्रवृत्ती जगाला जाहीर करणे ह्या अर्थी वापरतात. जुना अर्थ तो नव्हता. श्रीमंत घराण्यातील उपवर मुलीला मेजवानी देऊन समाजात आणण्याची जी प्रथा होती, तिच्यावरून हा शब्द उचललेला होता; आणि त्याचा अर्थ समलिंगी लोकांच्या मंडळात प्रथम प्रवेश करणे असा होता. म्हणजे हा शब्द कशातून बाहेर पडलो ह्यापेक्षा कोठे येऊन पोहोचलो, हे सांगत होता. समूह आधी अस्तित्वात असल्याखेरीज असा शब्द रूढ होणे शक्य नाही.

४. खासगी मित्रमंडळ

ह्या समूहाचे पहिले पद्धतशीर समाजशास्त्रीय वर्णन मॉरिस लेझनॉफ व विल्यम वेस्टली ह्यांनी १९५६ साली 'सोशल प्रॉब्लेम्स' ह्या त्रैमासिकात केले. त्यांचे क्षेत्र कॅनडातील एक मोठे शहर होते, तरी निष्कर्ष शेजारच्या देशासही लागू पडतात. साठ समलिंगी पुरुषांच्या अभ्यासावरून त्यांना दोन प्रकारचे गट आढळले : प्रच्छन्न आणि उघड. प्रच्छन्न गटांत प्रतिष्ठित व्यवसायांतील माणसांचे प्रमाण अधिक होते. उघड गटांतील माणसे ज्या कामांत अशा वर्तनाकडे काणाडोळा होतो, किंवा ज्यांत गमावण्यासारखी प्रतिष्ठाच थोडी असते, अशा कामांत होती. कोणी किती लपावे हे स्वभावावरून नव्हे, तर उघड झाल्यास काय जाईल ह्यावरून ठरत होते.

ह्या दोन गटांत परस्परांविषयी दुजाभाव असे. प्रच्छन्न गटातील मनुष्य उघड गटातील परिचिताबरोबर रस्त्यात दिसणे टाळी, कारण संगतीवरूनच संशय येतो. उघड गटातील मनुष्याला हे टाळणे ढोंगीपणाचे वाटे. विरोधी समाज समूहाच्या बाहेरच उभा असतो असे नव्हे. तो समूहाच्या आत शिरून घटकांना एकमेकांपासून तोडीत असतो.

मित्रमंडळाच्या आतील एक नियमही लक्षणीय आहे. ह्या लेखकांच्या निरीक्षणानुसार एका मंडळातील मित्रांनी आपसांत शरीरसंबंध ठेवू नयेत, असा संकेत सामान्यतः पाळला जाई. जोडीदार मंडळाबाहेर शोधला जाई. ही गोष्ट कुटुंबातील निषिद्ध संबंधांच्या नियमाची आठवण करून देते. आणि तिचे कार्यही तेच : आतील स्नेह मत्सरापासून सुरक्षित राहतो, आणि बाहेर जोडीदार शोधल्यामुळे एक मंडळ दुसऱ्याशी जोडले जाते. एरवी विखुरलेली मंडळे अशा धाग्यांनी बांधली जाऊन शहरभर एक जाळे तयार होई. बाहेरून केवळ स्वैराचार दिसणाऱ्या व्यवहारात रचना कशी असू शकते, ह्याचा हा उत्कृष्ट दाखला होय.

५. मद्यगृह : एक सार्वजनिक संस्था

मित्रमंडळात प्रवेश मिळण्यासाठी आधी कोणी तरी ओळखीचा लागतो. ज्याला कोणीच ओळखीचे नाही, त्या नवागताने जावे कोठे? ह्या गरजेतून मद्यगृहाला महत्त्व आले. इतर लोकांना मद्यगृह म्हणजे करमणुकीचे एक ठिकाण. ह्या लोकांना ते चावडी, वाचनालय, वधूवरसूचक मंडळ आणि आप्ताचे घर ह्या सर्वांच्या जागी होते. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर ह्यांनी १९६१ साली समलिंगी समूहाचे विवेचन करताना मद्यगृह हा समूहाचा केवळ दृश्य भाग असून मोठा भाग खासगी मंडळांत दडलेला असतो, असे दाखवून दिले. परंतु अदृश्य भागाकडे जाण्याचा रस्ता दृश्य भागातूनच जात होता.

म्हणूनच शासनाचा रोख मद्यगृहावर राहिला. सॅन फ्रान्सिस्कोतील 'ब्लॅक कॅट' ह्या मद्यगृहाचा परवाना समलिंगी लोक तेथे जमतात ह्या कारणास्तव स्थगित करण्यात आला, तेव्हा मालक सोल स्टूमेन ह्यांनी दाद मागितली. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशी माणसे तेथे जमतात एवढे पुरेसे नाही. तेथे बेकायदा अथवा अनैतिक कृत्ये घडल्याचा पुरावा हवा. माणसाचे असणे आणि माणसाची कृती ह्यांत न्यायालयाने केलेला हा भेद मोलाचा होता. १९५५ साली विधिमंडळाने नवा कायदा करून तो पुसण्याचा प्रयत्न केला. १९५९ साली न्यायालयाने ते कलमही रद्द ठरविले. तथापि साध्या वेषातील पोलीस पाठवून 'पुरावा' गोळा करण्याचा मार्ग मोकळाच होता, आणि 'ब्लॅक कॅट'ने १९६३ साली अखेर परवाना गमावला.

स्त्रियांच्या मद्यगृहांचे सखोल चित्र एलिझाबेथ केनेडी व मॅडलिन डेव्हिस ह्यांनी १९९३ साली बफलो शहराच्या इतिहासात रेखाटले आहे. कारखान्यांत व दुकानांत काम करणाऱ्या, चाळीसहून अधिक स्त्रियांच्या आठवणींवर तो आधारलेला आहे. त्या मद्यगृहांत पुरुषी वेष व वर्तन पत्करणाऱ्या आणि स्त्रीसुलभ वेष ठेवणाऱ्या अशा दोन भूमिका रूढ होत्या. पुढे काहींनी ह्या भूमिकांना विवाहसंस्थेची नक्कल म्हणून हिणविले. लेखिकांचे म्हणणे निराळे आहे : पुरुषी वेषातील स्त्री आणि तिची जोडीदार रस्त्याने एकत्र चालत तेव्हा त्या लपत नसत, आणि हे न लपणे हाच संघटनापूर्व काळातील प्रतिकार होता. त्याची किंमत शिवीगाळ, मारहाण व बेकारी ह्या रूपांत त्यांनी मोजली.

मद्यगृहाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाहेरचा वर्णभेद आत येत असे. ऑड्री लॉर्ड ह्यांनी १९८२ च्या आपल्या 'झामी' ह्या ग्रंथात १९५० च्या दशकातील न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या मद्यगृहांत कृष्णवर्णीय स्त्रीला आलेल्या एकटेपणाचे वर्णन केले आहे. शिवाय हे आश्रयस्थान मालकाच्या नफ्यावर आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी गुन्हेगारी टोळ्यांच्या मर्जीवर चाललेले होते. आणि ज्याला मद्य नको त्याला तेथे जागा नव्हती.

६. मुखवटा, मासिक आणि संघटना

ह्या पार्श्वभूमीवर १९५० च्या नोव्हेंबर महिन्यात लॉस एंजेलिस येथे हॅरी हे व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी 'मॅटाशीन सोसायटी'चा पाया घातला. मध्ययुगीन फ्रान्समधील मुखवटे घालून नाचणाऱ्या मंडळ्यांवरून हे नाव घेतले होते. हे हे कम्युनिस्ट पक्षातून आलेले असल्यामुळे त्यांनी गुप्त शाखांची पद्धत स्वीकारली : एका शाखेच्या सभासदांना दुसऱ्या शाखेतील माणसे ठाऊक नसत. १९५२ साली संस्थापकांपैकी डेल जेनिंग्ज ह्यांना अटक झाली, तेव्हा त्यांनी न्यायालयात एक अपूर्व भूमिका घेतली : मी समलिंगी आहे, परंतु आरोपातील कृत्य मी केलेले नाही. ज्यूरीचे अकरा सभासद निर्दोषत्वाच्या बाजूने व एक विरुद्ध अशी कोंडी होऊन खटला काढून टाकण्यात आला. संघटनेची सभासदसंख्या वाढली. पण वाढीबरोबर गुप्ततेविषयी व संस्थापकांच्या राजकारणाविषयी शंकाही वाढल्या, आणि १९५३ साली संस्थापकांना बाजूला व्हावे लागले.

जानेवारी १९५३ मध्ये ह्याच मंडळींच्या परिसरातून 'वन' हे मासिक निघाले. लहान गावात राहणाऱ्या, मद्यगृह किंवा मंडळ ज्याच्या आवाक्यात नाही अशा माणसापर्यंत पोहोचण्याचे साधन टपाल हेच होते. लॉस एंजेलिसच्या टपाल अधिकाऱ्याने १९५४ चा ऑक्टोबरचा अंक अश्लील म्हणून अडविला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मासिकाविरुद्ध निर्णय दिला. परंतु १३ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवाद न ऐकताच तो फिरविला. समूहाला स्वतःविषयी छापील बोलण्याचा हक्क ह्या निर्णयाने मिळाला.

स्त्रियांची 'डॉटर्स ऑफ बिलाइटिस' ही संघटना १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत चार जोडप्यांनी स्थापिली. डेल मार्टिन व फिलिस लायन ह्या त्यांत प्रमुख होत. पोलिसांची धाड पडणार नाही अशा जागी भेटता यावे व नाचता यावे, एवढाच आरंभीचा हेतू होता. १९५६ ते १९७२ पर्यंत चाललेल्या त्यांच्या 'द लॅडर' ह्या मासिकाने आरंभीच्याच अंकांत वाचकांना, तुमची नावे आमच्याजवळ सुरक्षित आहेत, अशी ग्वाही दिली. संपादिका लायन ह्यांनी प्रथम टोपणनाव घेतले होते. वाचकांना निर्भय होण्यास सांगावयाचे तर स्वतः लपणे योग्य नव्हे, म्हणून त्यांनी ते लवकरच टाकून दिले. ह्या छोट्या घटनेत त्या काळाचा सारा पेच सामावलेला आहे. गुप्ततेवाचून समूह जगत नाही, आणि गुप्तता सोडल्यावाचून त्याला न्याय मागता येत नाही.

७. समूह आणि शास्त्रीय ज्ञान

ह्या समूहाच्या अस्तित्वामुळे शास्त्रातही पालट झाला, हे विद्यापीठीय वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. तोपर्यंत समलिंगी लोकांविषयीची विधाने बहुतांशी रुग्णालयात व तुरुंगात भेटलेल्या माणसांवरून केलेली होती. रोग्यांवरून काढलेला निष्कर्ष रोगाचा निघावा ह्यात नवल नाही. हुकर ह्यांनी मॅटाशीन सोसायटीच्या साहाय्याने उपचार न घेणारे ३० समलिंगी पुरुष मिळविले आणि वय, बुद्ध्यंक व शिक्षण ह्यांत त्यांच्याशी जुळणारे ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले. दोघांच्याही प्रक्षेपण-चाचण्यांचे निकाल नावगाव काढून तज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा तज्ज्ञांना त्यांतील कोण कोणत्या गटातला हे ओळखता येईना. मानसिक समायोजनातही दोन गटांत भेद आढळला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास १९७३ च्या निर्णयामागील एक मोठा आधार ठरला. समूह नसता तर नमुना मिळाला नसता, आणि नमुना नसता तर जुने मत खोडता आले नसते.

८. गुप्ततेकडून प्रकटतेकडे

१९६० नंतर ह्या सर्व संस्था एकमेकींना येऊन मिळू लागल्या. 'ब्लॅक कॅट'मधील कलावंत होझे सारिया ह्यांनी १९६१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाची निवडणूक लढविली आणि सुमारे ५,६०० मते मिळविली. ते निवडून आले नाहीत. परंतु प्रच्छन्न समूह मोजता येतो, हे प्रथमच दिसले. १९६२ साली त्या शहरातील मद्यगृहांच्या मालकांनी व नोकरांनी 'टॅव्हर्न गिल्ड' हा संघ काढला. १ जानेवारी १९६५ रोजी काही धर्मोपदेशकांच्या सहकार्याने भरविलेल्या नृत्यसमारंभात पोलिसांनी येणाऱ्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हा प्रतिष्ठित धर्मोपदेशकांनीच त्या छळाची साक्ष जाहीरपणे दिली.

२८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या 'स्टोनवॉल इन' ह्या मद्यगृहावर धाड पडली आणि लोकांनी प्रतिकार केला. हा इतिहासाचा आरंभ समजण्याची प्रथा आहे. जॉन डिमिलिओ ह्यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तो मधला टप्पा होय. वर्षभरात देशात अनेक नव्या संघटना उभ्या राहू शकल्या, त्या आधीची वीस वर्षे जाळे विणले जात होते म्हणूनच.

९. आपल्याकडील अभ्यासाच्या दृष्टीने

अमेरिकन अनुभवाचे साचे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे युक्त होणार नाही. तेथील तरुण नोकरीनिमित्त एकटा राहू शके. आपल्याकडे विवाहाचा आग्रह, एकत्र राहणी आणि लहान घरे ह्यांमुळे एकांत हीच दुर्मिळ वस्तू. तथापि काही समांतर गोष्टी नजरेत भरतात. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम येथे तीच छाया टाकीत होते. छापील शब्दाचा आधार येथेही शोधला गेला : र. धों. कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका पत्राने विचारीत, आणि अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली झालेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांना दंड झाला. 'वन' मासिकाला चोवीस वर्षांनी मिळालेला न्याय त्यांच्या वाट्यास आला नाही. पुढे १९९० साली मुंबईत अशोक राव कवी ह्यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे दोस्त' निघाले आणि १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्य झाला नाही.

कायद्याची भीती ओसरली म्हणजे घरातील भीती ओसरते, असे नाही. म्हणून ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वर सांगितलेल्या संस्थांचे आपल्या शहरातील प्रतिरूप शोधावे : कोणत्या शब्दांनी ओळख पटते, नवागत कोणत्या दाराने येतो, गमावण्यासारखे अधिक असलेले व नसलेले ह्यांत अंतर किती, स्त्रियांना जागा कोठे मिळते, आणि जात व वर्ग ह्यांच्या भिंती आत कितपत शिरतात. लेझनॉफ व वेस्टली ह्यांनी आपल्या शहराचे नावसुद्धा लेखात दिले नाही. 'द लॅडर'च्या संपादिकांनी वर्गणीदारांची यादी प्राणपणाने जपली. ज्या समूहाचे सारे जीवन माहितीच्या रक्षणावर उभे राहिले, त्याची माहिती गोळा करणाऱ्याच्या हाती तेच शस्त्र येते, जे एके काळी धाड घालणाऱ्यांच्या हाती होते. माहितीदात्याचे नाव टिपणवहीतही न लिहिणे हा ह्या क्षेत्रातील पद्धतिशास्त्राचा पहिला नियम होय.